चिकटलं म्हणजे पक्कं झालं असं नाही : पुण्याच्या पावसात ॲक्रिलिक जोडताना



लेझर कटिंगच्या व्हिडिओत मी शीट, डिझाइन आणि दर यावर भरपूर बोलले. एक गोष्ट राहिली, आणि खरं सांगायचं तर धंद्यात मला सगळ्यात महाग तीच पडली आहे. चिकटवल्यानंतरचे तास.

चार वर्षांपूर्वीचा जुलै. एका संस्थेची साठ सन्मानचिन्हांची ऑर्डर होती. पुढे पाच मिलिमीटरची ॲक्रिलिकची पाटी आणि तिच्या तळाशी मागून जाड ठोकळा सपाट चिकटवलेला, त्याच्या जोरावर ती उभी राहणार. नग ३४० रुपये, म्हणजे २०,४०० रुपयांचं काम. तेव्हा माझ्यासाठी ते मोठंच होतं. कटिंग आणि छपाई वेळेत झाली. चिकटवायला मात्र शेवटच्या दिवशी दुपारी बसलो. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. सहाला शेवटचा नग झाला, सातला बबल रॅप, आठला माल रिक्षात. मी खूश, कारण शब्द पाळला होता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन. "अहो ताई, पाहुण्यांच्या हातात पाटी आली आणि ठोकळा टेबलावरच राहिला. स्टेजवर. फोटो चालू असताना."

साठापैकी एकोणीस सुटले. उरलेल्यांपैकी बऱ्याच नगांवर जोडाच्या जागी पांढरट ढग आला होता, काच धुक्याने भरावी तसा. पैसे परत केले. पैशांपेक्षा जास्त लागलं ते त्या सरांचं शेवटचं वाक्य: "पुढच्या वेळी आम्ही लाकडाचंच घेऊ."

आता गंमत बघा. माल देताना मी प्रत्येक नग हातात धरून हलवून पाहिला होता. एकही हलत नव्हता. मग रात्रीत काय झालं?

स्लॅबचं उदाहरण घ्या

घराचा स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी त्यावर चालता येतं. म्हणून कोणी लगेच सेंटरिंग काढतं का? नाही. त्यावर पाणी मारतात, दिवस मोजतात, काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवसांची म्हणून धरतात. आपल्याकडे हे गवंड्यापासून घरमालकापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. त्यालाच क्युअरिंग म्हणतात. गोंदाच्या बाबतीत मात्र आपण सगळे 'सुकलं का' एवढंच विचारतो. वरून सुकणं वेगळं आणि आतून पूर्ण ताकद येणं वेगळं. माझे साठ नग पहिल्या पायरीवर होते आणि मी ते दुसऱ्या पायरीवरचे म्हणून विकले.

पुण्यात बहुतेक छोट्या कारागिरांकडे ॲक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्म किंवा मिथिलीन क्लोराइड वापरतात, सिरिंजने फटीत सोडून. याला आपण गोंद म्हणतो, पण तो खरं तर गोंद नाही, सॉल्व्हंट आहे. तो दोन्ही बाजूंचं प्लास्टिक वरवर विरघळवतो. मऊ झालेल्या दोन थरांमधल्या लांब लांब साखळ्या एकमेकांत गुंततात. मग सॉल्व्हंट निघून जातो आणि मागे एकजीव प्लास्टिक उरतं. म्हणजे जोडाची ताकद टाकलेल्या द्रवात नसते, तो निघून जाण्यात असते. जोवर तो आत आहे तोवर तिथलं प्लास्टिक मऊच.

कडेवरचा सॉल्व्हंट काही मिनिटांत उडतो, म्हणून हाताला जोड घट्ट लागतो. मधल्याला बाहेर पडायला वाटच नसते, त्याला प्लास्टिकमधूनच झिरपत जावं लागतं. आणि असं झिरपताना अंतर दुप्पट झालं की वेळ ढोबळमानाने चौपट लागतो. त्यामुळे तीन मिलिमीटरच्या शीटची कड उभी चिकटवलेली असेल तर एका दिवसात चांगली ताकद येते. पण जाड ठोकळा सपाट चिकटवला असेल, माझ्यासारखा, तर तो कितीतरी दिवस मधे ओला असतो. आणि असा नग बबल रॅपमध्ये गुंडाळून खोक्यात बंद केला की सॉल्व्हंटची वाफ आतच कोंडते, प्लास्टिकवर बारीक चिरा पाडते आणि जोड मऊचा मऊ ठेवते. मी नेमकं हेच केलं होतं.

तो पांढरा ढग कुठून आला

हा भाग नीट वाचा, कारण पुण्यात जून ते सप्टेंबर धंदा करायचा तर याच्याशी रोज गाठ आहे.

हाताला सॅनिटायझर लावल्यावर गार वाटतं ना? उडणारा कुठलाही द्रव जाताना उष्णता घेऊन जातो. मिथिलीन क्लोराइड साधारण ४० अंशाला उकळतं, क्लोरोफॉर्म ६१ अंशाला. दोन्ही भराभर उडतात, त्यातही मिथिलीन क्लोराइड जास्त. त्यामुळे जोडाची जागा आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंश गार पडते.

आता फ्रिजमधली बाटली आठवा. पावसाळ्यात बाहेर काढली की लगेच घामेजते. हवा ज्या तापमानाला थंड झाली की तिच्यातलं पाणी सुटायला लागतं, त्याला दवबिंदू म्हणतात. जुलैत दुकानात २६ अंश तापमान आणि ८५ टक्के दमटपणा असेल तर दवबिंदू येतो साधारण २३ अंशांवर. म्हणजे जोडाची जागा फक्त तीन अंशांनी गार झाली की तिच्यावर दव पडणार! तेच एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के दमटपणा असेल तर दवबिंदू ११ अंशांच्या आसपास जातो. तिथपर्यंत जागा गार व्हायला सत्तावीस अंश उतरावे लागतील, ते काही होत नाही. म्हणून तोच कारागीर, तीच बाटली, तीच शीट, आणि एप्रिलमध्ये जोड काचेसारखा तर जुलैत दुधासारखा.

हे दव मऊ झालेल्या प्लास्टिकमध्ये मिसळतं आणि बारीक बारीक पोकळ्या ठेवून जातं. दिसायला वाईट हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे त्या जागी दोन्ही बाजू नीट मिसळलेल्याच नसतात. आमच्याकडे काम करणारे मामा आधी वीस वर्षं बोर्डाच्या कारखान्यात होते. ते म्हणायचे, "पावसात माल दूध मारतो." कारण त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. मी बीबीए करून त्यांचं ऐकलं नाही, ही माझी चूक.

उपाय काय? एक, दमटपणा मोजा. तापमान आणि दमटपणा दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र तीन-चारशे रुपयांत मिळतं, ते चिकटवायच्या टेबलावर ठेवा. पुण्याचा रोजचा आकडा हवामान खातं देतंच, त्यांचं शिवाजीनगरचं कार्यालय आपल्या गावातच आहे. पण तो आकडा शिवाजीनगरचा. तुमच्या तळघरातल्या गाळ्यात काय आहे ते तुमचं यंत्रच सांगेल. माझा नियम: साठ टक्क्यांच्या वर काटा गेला की पारदर्शक माल चिकटवायचा नाही, आधी खोली कोरडी करायची. एसी असेल तर 'ड्राय'वर लावा.

दोन, तुकडे आधी कोमट करून घ्या. मी एक जुनं लोखंडी कपाट घेतलं, खाली जुन्या पद्धतीचा साठ वॉटचा दिवा लावला. २६ अंशांची ८५ टक्के दमट हवा नुसती ३४ अंशांपर्यंत तापवली तरी तिचा दमटपणा ५४ टक्क्यांवर येतो. पाणी तेवढंच, पण हवेची धरून ठेवायची ताकद वाढते. कापलेले तुकडे रात्रभर या कपाटात ठेवायचे आणि सकाळी एकेक काढून लगेच जोडायचा. तुकडा स्वतः कोमट असला की दवबिंदूच्या खाली लवकर जात नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, कपाटात *जोडण्याआधीचे* तुकडे जातात. सॉल्व्हंट लावलेला माल दिव्यासमोर बंद कपाटात कधीही ठेवायचा नाही.

आणि विषय निघालाच आहे तर: अनेक ताई घरून काम करतात, स्वयंपाकघरात गॅसच्या बाजूला ही बाटली उघडतात. कृपा करून नको. या दोन्ही द्रवांची वाफ फुफ्फुसात जाते, क्लोरोफॉर्मने यकृताला इजा होते, आणि ज्योतीजवळ या वाफेतून विषारी वायू तयार होतो. खिडकी उघडी, पंखा बाहेर फेकणारा, हातात मोजे, लहान मुलं दुसऱ्या खोलीत. पावसाळ्यात खिडकी उघडली की दमटपणा येतो आणि बंद केली की वाफ कोंडते, ही अडचण खरी आहे. त्यातून वाट एकच: ज्या दिवशी दोन्ही जमत नाही त्या दिवशी ते काम करू नका.

उन्हाळ्याचे त्रास उलटे. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी सॉल्व्हंट फटीत पोचायच्या आतच उडतो, जोडात बुडबुडे राहतात. तिथे सकाळी काम करा. आणि हीट गन मारून लवकर सुकवायचा मोह आवरा. आतला सॉल्व्हंट उकळतो, जोडाच्या पोटात फुगे येतात. आमच्या एका पोराने दहा मिनिटं वाचवायला बारा नग घालवले.

लेझरने कापलेल्या कडांना सॉल्व्हंट लावला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तो हवेचा दोष नाही. लेझरच्या उष्णतेने कडेत ताण राहतो आणि सॉल्व्हंट तो उघडा पाडतो. शीट साधारण ८० अंशांवर काही तास ठेवून हळूहळू गार केली की ताण जातो. त्यावर वेगळा व्हिडिओ करते.

बाकीच्या बाटल्या

झटपट चिकटणारं फेविक्विक आणि तशी सगळी सायनोॲक्रिलेट. यांची कहाणी मजेदार आहे. १९४२ मध्ये अमेरिकेत हॅरी कूवर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हा पदार्थ हाताला लागला आणि सगळ्यालाच चिकटतो म्हणून त्यांनी बाजूला टाकला. तो बाजारात यायला १९५८ उजाडलं. सगळ्याला चिकटायचं कारण म्हणजे त्याला घट्ट व्हायला हवेतला, पृष्ठभागावरचा नकळत असलेला ओलावा पुरतो. त्यामुळे इथे हिशोब वेगळा: ४० ते ६० टक्के दमटपणा उत्तम. एप्रिलच्या कोरड्या दुपारी तो रेंगाळतो. जुलैत लावताक्षणी आवळतो, तुकडा सरळ करायलाही वेळ मिळत नाही, आणि घाईत आवळलेला थर ठिसूळ होतो. शिवाय त्याची वाफ आजूबाजूला बसून पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते, म्हणून काळ्या चकचकीत ॲक्रिलिकवर तो जपून. थेंब जाड टाकला तर मधे दिवसभर ओलाच राहतो. सेकंदात चिकटतो म्हणून सेकंदात विकू नका, पूर्ण ताकदीला त्यालाही चोवीस तास लागतात. न फोडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, पण फोडायच्या आधी तास-दोन तास बाहेर. गार बाटली पावसाळ्यात उघडली तर आतच दव पडतं आणि अख्खी बाटली घट्ट होते.

दोन ट्यूबचं एपॉक्सी, म्हणजे अराल्डाइटसारखं, त्याला ओलाव्यापेक्षा थंडीचं वावडं. यात काही उडून जात नाही, दोन द्रवांची आपसात अभिक्रिया होते. तापमान दहा अंशांनी उतरलं की तिचा वेग साधारण निम्मा होतो. जानेवारीत पहाटे पुण्यात पारा दहा-बारा अंशांवर येतो. मे महिन्यात रात्रभरात होणारं काम तेव्हा रात्रभरात होत नाही, आणि नुसता उशीर झाला असता तर चाललं असतं, पण गारठ्यात ते अर्ध्यावर अडकून बसतं. वरून कडक, आतून अपुरं. पुढे तो नग उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर गेला की जोड सुटतो. इथे मात्र ऊब कामाला येते: चाळीस-पन्नास अंशांत काही तास ठेवलं तर ताकद खरंच वाढते. त्या दिव्याच्या कपाटाचा हिवाळ्यातला उपयोग हाच. आणि प्रमाण डोळ्याने नको, काट्यावर मोजा. हार्डनर जास्त घातला की लवकर होतं हा गैरसमज मी स्वतः दोन वर्षं बाळगला होता.

दुकानाच्या पाट्या लावणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. ॲक्रिलिक उन्हात खूप पसरतं. एक मीटरची पट्टी वीस अंशांनी तापली तर जवळजवळ दीड मिलिमीटर वाढते, मागचं ॲल्युमिनियम जेमतेम अर्धा मिलिमीटर. कडक गोंद ही ओढाताण सोसत नाही, म्हणून तिथे सिलिकॉन किंवा फोम टेप. सिलिकॉन हवेतला ओलावा पिऊन घट्ट होतो, बाहेरून आत, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. म्हणजे जो पावसाळा क्लोरोफॉर्मचा वैरी तोच सिलिकॉनचा मित्र, फक्त पत्रा कोरडा पुसून घ्या. फोम टेपलाही वेळ लागतो बरं का. नीट दाबून लावल्यावर वीस मिनिटांत निम्मी, चोवीस तासांत नव्वद टक्के आणि पूर्ण पकड बहात्तर तासांनी, असं टेपवाल्या कंपन्याच सांगतात. अक्षरं लावून लगेच शिडीवरून उतरताना कोणी ओढून बघत असेल तर त्याला थांबवा.

डबे, बादल्या यांचं पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन यांच्यावर यातलं काहीच धड चिकटत नाही. प्रायमर लागतो. हवेला दोष देऊ नका.

बाटलीची परीक्षा

प्रयोगशाळेत पट्ट्या एकमेकींवर चिकटवून यंत्राने ओढतात. आपल्याकडे ते यंत्र नाही, पण तरफ आहे. तीन मिलिमीटर शीटच्या २५ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा. एका पट्टीवर दुसरीची कड उभी चिकटवा, इंग्रजी 'टी'सारखी. असे सहा नमुने एकाच वेळी करा. तळाची पट्टी टेबलाच्या उभ्या कडेला क्लॅम्पने आवळा, म्हणजे दुसरी भिंतीतल्या खुंटीसारखी आडवी बाहेर येईल. जोडापासून बरोबर दहा सेंटिमीटरवर दोन लिटरची रिकामी बाटली टांगा आणि मोजपात्राने हळूहळू पाणी ओता. जोड तुटला तेव्हा किती मिलिलिटर गेलं ते लिहा. तेवढे ग्रॅम. तरफेमुळे अर्ध्या किलोलासुद्धा जोडावर चांगलाच ताण येतो, त्यामुळे मोठी वजनं लागत नाहीत. खाली घमेलं ठेवा, नाहीतर फरशी पुसत बसाल.

दोन नमुने दोन तासांनी, दोन चोवीस तासांनी, दोन बहात्तर तासांनी तोडा. आणि तुटलेली जागा बघा: चकचकीत असेल तर प्लास्टिक मिसळलंच नव्हतं, खरबरीत फाटलेली असेल तर जोड खरा होता. शीटच तुटली आणि जोड राहिला तर उत्तम. हीच परीक्षा जुलैत आणि पुन्हा एप्रिलमध्ये करून वहीत लिहून ठेवा. मी ते आकडे इथे देत नाहीये, कारण माझी शीट, माझी बाटली आणि माझा गाळा तुमचा नाही. तुमच्या दुकानाचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल, आणि एकदा निघाला की दर ठरवण्याइतकाच तो कामाचा आहे.

हे कोटेशनमध्ये कुठे येतं

बीबीएत 'लीड टाइम' पाठ केला होता. त्यात मशीनचा वेळ, माणसाचा वेळ, वाहतूक सगळं होतं. शेल्फवर नुसतं पडून राहणाऱ्या मालाचा वेळ कोणी शिकवला नव्हता. आता मी कोटेशनमध्ये चिकटवल्यापासून पॅकिंगपर्यंत कड जोडाला उन्हाळ्यात एक दिवस आणि पावसाळ्यात दोन दिवस धरते. सपाट जाड जोड असेल तर चार. तेवढं शेल्फ लागतं, भाड्याच्या गाळ्यात ती जागा फुकट नसते, म्हणून तिचेही पैसे धरते. साचेसुद्धा मोजा. माझ्याकडे दहा साचे आहेत आणि एक नग साच्यात अर्धा तास राहतो, म्हणजे साठ नगांना सहा फेऱ्या, तीन तास. माणसं वाढवून हे कमी होत नाही, साचे वाढवून होतं.

सगळ्यात कठीण काळ गणपतीच्या आधीचा. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, आणि पुठ्ठा, एमडीएफ, ॲक्रिलिकच्या मखरांना मागणी वाढली. आपल्यासारख्यांना ती मोठी संधी आहे. पण हे काम येतं श्रावणात, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात दमट दिवसांत, आणि गिऱ्हाईक येतं आदल्या आठवड्यात. तिथे मी डिझाइनच बदललं. लेझरने खाचा कापायच्या, एक तुकडा दुसऱ्यात अडकतो, वजन खाच पेलते. जिथे खाच चालत नाही तिथे पितळी किंवा क्रोमचे स्क्रू. गोंद फक्त हलू नये म्हणून. 'अर्जंट'चे जादा पैसे घेऊन सॉल्व्हंट लवकर उडत नाही, हे गिऱ्हाइकाला सांगायला लाजू नका. उद्याच हवंय तर स्क्रूवालं मिळेल, बिनस्क्रूचं चार दिवसांनी.

त्या संस्थेचे सर मागच्या वर्षी पुन्हा आले. लाकडाची सन्मानचिन्हं त्यांना जड आणि महाग पडली होती. कार्यक्रम तोच, जुलैचाच. मी वही काढून म्हटलं, "सर, मजकूर दहा दिवस आधी फायनल हवा. चार दिवस माल माझ्या शेल्फवर राहील, तेव्हा फोन करून घाई करायची नाही." ते म्हणाले, "पाहुणे शेवटच्या दिवशी बदलतात हो ताई." मग आम्ही नावाची पट्टी वेगळी केली, दोन स्क्रूवर बसणारी. मुख्य नग सोमवारी जोडून ठेवले, नावं शुक्रवारी कापली. दोन पाहुणे शेवटच्या दिवशी बदललेच.